शाळेचा संगीत शिक्षक गावातच आहे

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवरचे पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, भजनी मंडळांचे बुवा आणि विशारद होऊनही घरी बसलेली मुलंमुली, हे आवाहन तुमच्यासाठी आहे. ‘आमच्या शाळेला संगीताचा शिक्षक कधी मिळणार?’ हा प्रश्न पालकसभेत विचारून झाला, ग्रामसभेत विचारून झाला, निवडणुकीला आलेल्या उमेदवारालाही विचारून झाला. तो विचारत राहाच, पण नुसते विचारत बसू नका. पद मंजूर होऊन, जाहिरात निघून, भरती होऊन माणूस हजर होईपर्यंत आज पहिलीत बसलेलं पोर सातवी पास होऊन बाहेर पडेल. आणि गाणं शिकवू शकेल असा माणूस तर तुमच्या गावात, फार तर शेजारच्या गावात, आजही आहे. त्याला शाळेत आणायचं कसं, त्याला काय द्यायचं आणि त्याच्याकडून काय मागायचं, हे इथे सांगतो.

आज गाणं कोण शिकवतं?

आधी नियम समजून घेऊ, म्हणजे गुरुजींवर उगाच राग धरायला नको. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत संगीताचं वेगळं पद नसतं. वर्गशिक्षकच मराठी, गणित, परिसर अभ्यास शिकवतो आणि कलेचा तासही तोच घेतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद त्यात आहे. आपल्याकडे अडचण तिथेच आहे. कोळीवाड्यातल्या आणि डोंगराकडच्या वाड्यांवरच्या कितीतरी शाळांचा पहिलीपासूनचा सगळा पट मिळूनही शंभर भरत नाही. जिथे निदेशक नेमले गेले तिथे ‘कला’ म्हणजे चित्रकला असाच अर्थ बहुधा घेतला जातो, आणि हे निदेशक स्वतःच अपुऱ्या मानधनावर, कायम होण्यासाठी झगडत आले आहेत.

चित्रकलेच्या शिक्षकाचं निदान शिक्षण आणि पद ठरलेलं आहे. त्याच्यासाठी एटीडीची पदविका आहे, मुलांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या सरकारी परीक्षा आहेत. क्रीडा शिक्षकाला बी.पी.एड. आहे. संगीताला राज्याच्या शाळांत अशी रुळलेली वाट नाही. केंद्र सरकारच्या शाळांत ती आहे. केंद्रीय विद्यालयाच्या प्राथमिक विभागात संगीत शिक्षकाचं पद असतं, नवोदय विद्यालयातही असतं. आपल्या जिल्ह्यात उरणच्या करंजाला केंद्रीय विद्यालय आहे आणि माणगाव तालुक्यात निजामपूरला नवोदय आहे. बाकी शेकडो गावांतल्या मुलांनी काय करायचं?

त्यांना आजवर जे काही गाणं मिळालं ते चार तऱ्हेच्या माणसांकडून मिळालं.

पहिला म्हणजे भजनाच्या घरातला गुरुजी. डी.एड. करून नोकरीला लागलेला, नव्या पिढीतला असेल तर टीईटी आणि अभियोग्यता चाचणी देऊन आलेला. संगीताचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नसतं, पण वडील काकड आरतीला पेटी धरायचे, म्हणून हात बसलेला. अशा गुरुजींच्या शाळेत परिपाठ ऐकत राहावा असा होतो. मग एका वर्षी त्यांची बदली होते, आणि त्यांच्याबरोबर शाळेतलं गाणंही जातं. पेटी कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि पंधरा ऑगस्टला मोबाइलवरचं गाणं स्पीकरवर.

दुसरा म्हणजे खासगी अनुदानित हायस्कुलातला जुना संगीत शिक्षक. पेटी, तबला, स्नेहसंमेलन, स्वागतगीत, गणेशोत्सवातली आरती हे सगळं चाळीस वर्षांपूर्वी याच्याच जिवावर चालायचं. तो निवृत्त झाला की अनेक ठिकाणी ती जागा पुन्हा भरली गेली नाही. हा माणूस आज सत्तरीच्या घरात असेल, पण आहे.

तिसरी म्हणजे विशारद झालेली ताई. माहेरी असताना सात परीक्षा दिल्या, लग्न होऊन अलिबागला, पेणला किंवा मुरूडला आली, आणि आता पडवीत पाच-सहा मुलींचा क्लास घेते. शिकवण्याची शिस्त या चौघांत सगळ्यात जास्त तिच्याकडे आहे, आणि शाळेचं बोलावणं सगळ्यात कमी तिलाच येतं.

चौथा म्हणजे ज्याच्याकडे कसलाच कागद नाही असा कलावंत: भजनी बुवा, पखवाजवाला, खालूबाजातला वादक, बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा पोरगा, आगरी लग्नात धवला गाणारी धवलारीण. यांच्यातल्या कित्येकांना ‘सा’ कुठला हे सांगता येणार नाही, पण लयीत चूक दाखवा म्हटलं तर अंधारातही दाखवतील.

शाळेला या चौघांची गरज आहे. मात्र चौघांनाही शिक्षक बनावं लागतं. नुसतं गाता आलं म्हणून शिकवता येत नाही.

हा पेशा कुणीतरी घडवला आहे

शाळेत, वेळापत्रकात, घंटा झाल्यावर गाणं शिकवायचं ही कल्पनाच आपल्याकडे जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे. त्याआधी गाणं शिकायचं तर उस्तादांच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि त्यांची मर्जी लागायची वाट पाहायची. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि गाणी स्वरलिपीत लिहून पुस्तकं केली. पुढे ५ मे १९०१ रोजी पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आणलं.

पलुसकर कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचे चिरंजीव. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शिक्षण थांबलं, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. त्यांनी पुढे जे केलं त्यातला आपल्या कामाचा भाग असा की त्यांनी नुसते गवई तयार केले नाहीत, शिक्षक तयार केले. त्यांचा ‘उपदेशक वर्ग’ होता. गरीब घरातला मुलगा निवडायचा, त्याचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं विद्यालयाने करायचं आणि बदल्यात त्याने नऊ वर्षांचा करार लिहून द्यायचा. त्यांच्या शिष्यांपैकी विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं, बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा चालवली, ओंकारनाथ ठाकूर बनारसच्या विद्यापीठात गेले, आणि नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात मुलाबाळांना गाणं शिकवत राहिले. १९३१ मध्ये या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. मिरज आणि वाशी इथून चालणाऱ्या याच मंडळाच्या परीक्षा आज आपल्या गावच्या मुली देतात.

१९३७ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला नयी तालीम ठरली. झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला तेव्हा सूतकताईच्या बरोबरीने चित्रकला आणि संगीत हे विषय त्यात होते. म्हणजे खेड्यातल्या गरीब मुलाला गाणं कशाला, हा प्रश्न या देशात नव्वद वर्षांपूर्वीच निकालात निघाला होता.

हंगेरीतला मोठा संगीतकार झोल्तान कोडाय याने १९२९ मध्ये एक मुद्दा मांडला होता, तो समितीच्या बैठकीत वाचून दाखवावा असा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राजधानीतल्या ऑपेराचा संचालक कोण, यापेक्षा एका आडगावातल्या शाळेत गाणं कोण शिकवतं हे जास्त महत्त्वाचं. संचालक वाईट निघाला तर एकदा फसतो आणि जातो. शाळेतला शिक्षक वाईट निघाला तर तीस वर्षं, तीस तुकड्यांतल्या मुलांची गाण्याची आवड मारत राहतो. त्याच्या विचारांवर पुढे हंगेरीत संगीत-प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. आपल्याकडे वाईट शिक्षकाची भीती नंतरची. आधी शिक्षक तरी हवा.

समितीने काय करावं

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. सही करून चहा पिऊन उठायचं, एवढ्यासाठी ही समिती नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच बैठकीत हा विषय घ्या.

आधी यादी करा. गावात आणि आजूबाजूच्या दोन-तीन गावांत वर सांगितलेल्या चार तऱ्हेच्या माणसांपैकी कोण कोण आहे, हे बायकांना विचारा. कुणाची सून काय शिकलेली आहे हे पुरुषांना माहीत नसतं, त्यांना असतं.

मग पारख करा. बोलावलेल्या माणसाला ‘एखादं गाऊन दाखवा’ असं म्हणू नका, कारण तो छानच गाईल. त्याला तिसरी-चौथीच्या वर्गात अर्धा तास सोडा आणि मागे बसून पाहा. तो मुलांना गायला लावतो की स्वतःच गातो? मागच्या बाकावरच्या मुलाकडे त्याचं लक्ष जातं का? गलका झाल्यावर तो ओरडतो, की टाळी वाजवून मुलांना लयीत ओढून घेतो? अर्ध्या तासात सगळं कळतं.

तिसरी गोष्ट सुरक्षेची, आणि तिथे भीडभाड नको. बाहेरचा कुणीही माणूस शाळेत शिकवणार असेल तर पोलीस पडताळणी करून घ्या आणि तासाला वर्गशिक्षक वर्गातच असू द्या. माणूस ओळखीचा असला, देवमाणूस असला, तरी नियम तोच. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. शिवाय वर्गशिक्षक बसला तर तोही शिकतो, आणि पुढच्या वर्षी बुवा आले नाहीत तरी तास थांबत नाही.

आता पैशाचं. ‘बुवांना हौस आहे, ते फुकट करतील’ हे वाक्य बैठकीतून हद्दपार करा. फुकटचा माणूस आषाढात वारीला जातो, श्रावणात सप्ताहाला जातो, आणि त्याला विचारायचा हक्क आपल्याला नसतो. मानधन दिलं की वेळ मागता येतो. हिशेब करून पाहा. तासाला तीनशे रुपये धरले, आठवड्याला चार तास धरले, तर महिन्याचे ४,८०० रुपये होतात आणि दहा महिन्यांचे ४८,०००. हळदीच्या एका रात्रीला डीजे आणि बेंजोला आपण काय मोजतो, ते प्रत्येकाने मनात आठवावं. मग ही रक्कम गावाला झेपेल की नाही ते ठरवावं.

एकट्या शाळेला झेपत नसेल तर केंद्रातल्या चार शाळांनी मिळून एक शिक्षक घ्यावा. केंद्रप्रमुखांना त्यात घ्या. चार शाळा, प्रत्येकी चार तास, म्हणजे आठवड्याला सोळा तास आणि महिन्याला १९,२०० रुपये झाले. एवढ्यावर कुणी श्रीमंत होत नाही, पण एखादी विशारद मुलगी मुंबईला कॉल सेंटरवर जायच्या आधी दोनदा विचार करेल.

पैसा आणायचा कुठून? पालकांची वर्गणी हा पहिला नव्हे, शेवटचा मार्ग ठेवा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यात हे बसतं का, ग्रामविकास आराखड्यात हा विषय घालता येतो का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी विचारा. आपल्या किनाऱ्यावर मोठे कारखाने आणि बंदरं आहेत. थळला आरसीएफ आहे, डोलवीला पोलाद कारखाना आहे, उरणला ओएनजीसी आणि जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, आणि त्या यादीत शिक्षण आहे, कला-संस्कृतीचं जतनही आहे. आपण त्यांच्याकडे बाकं, संगणक आणि पाण्याची टाकी मागतो. या वर्षी एका शिक्षकाचं तीन वर्षांचं मानधन मागून पाहा. अर्जासोबत वेळापत्रक, हिशेब आणि समितीचा ठराव जोडा.

हे सगळं करताना एक मात्र विसरू नका. मानधन ही सोय आहे, तो पदाला पर्याय नाही. दरवर्षी समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा, की आमच्या केंद्राला संगीत शिक्षकाचं पद द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलाशिक्षणाला मुख्य अभ्यासात जागा दिली आहे. कागदावर आलेली गोष्ट मागितल्याशिवाय पदरात पडत नाही.

वर्गात गेल्यावर

आता बुवांना, ताईंना आणि पेटी धरणाऱ्या गुरुजींना दोन शब्द.

पहिली चूक होते ती सुराच्या बाबतीत. सकाळच्या परिपाठाला उभे राहून ऐका. गुरुजींचा आवाज पुरुषी, त्यांचा षड्ज काळी एकला किंवा दोनला. ते स्वतःच्या सुरात प्रार्थना उचलतात. मुलांना तो सूर खाली जमत नाही, म्हणून ती एक सप्तक वर जातात आणि अंतऱ्याला येईपर्यंत गळ्याच्या शिरा ताणून ओरडू लागतात. गुरुजींना वाटतं मुलं बेसूर आहेत. मुलं बेसूर नाहीत, सूर चुकीचा दिला आहे. काळी चार किंवा काळी पाचला सुरुवात करा, मग पाहा. तुम्हाला तिथे गायला त्रास होईल, तर पेटीवर सूर द्या आणि चांगल्या आवाजाच्या दोन मुलींना पुढे उभं करा. सातवी-आठवीतल्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. त्या वर्षी त्यांना वर ओढू नका. त्यांच्या हातात टाळ किंवा खंजिरी द्या आणि लय सांभाळायला सांगा.

परिपाठ हा रोजचा, हक्काचा संगीताचा तास आहे, तो वाया घालवू नका. राष्ट्रगीत आहे, प्रार्थना आहे आणि २०२३ पासून राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेलं राज्यगीतही आहे. राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागायला हवेत. घड्याळ लावून पाहा, कुठे सव्वा मिनिट लागतं तर कुठे घाईत उरकतात. एवढी एक गोष्ट दुरुस्त केली तरी शाळेच्या गाण्यात फरक ऐकू येतो.

पस्तीस मिनिटांच्या तासात सगळं कोंबू नका. पाच मिनिटं आकार लावा. दहा मिनिटं सरळ अलंकार घ्या. दहा मिनिटं एका गाण्याच्या दोनच ओळी घ्या, पण नीट. पाच मिनिटं टाळीवर केरवा किंवा दादरा मोजा. आठ मात्रा आणि सहा मात्रा यांतला फरक मुलांना फळ्यावर कळत नाही, चालून दाखवला की कळतो. उरलेल्या वेळात काहीतरी ऐकवा आणि काय ऐकू आलं ते विचारा.

‘तू नुसते ओठ हलव’ असं कुठल्याही मुलाला म्हणू नका. स्नेहसंमेलनासाठी चांगल्या आवाजाची बारा मुलं निवडायची आणि बाकीच्यांना प्रेक्षक करायचं, ही आपली जुनी खोड आहे. बक्षीस मिळतं, पण उरलेली पन्नास मुलं ‘आपल्याला गाणं येत नाही’ हे आयुष्यभरासाठी शिकून जातात. शाळेतलं गाणं सगळ्यांचं असतं. त्यात कमी-जास्त आवाज चालतो, कुणाचं तोंड बंद केलेलं चालत नाही.

गाणी निवडताना आपल्या किनाऱ्याकडे पाहा. इथे आगरी-कोळी आहेत, कातकरी आहेत, माळी-भंडारी आहेत, मुरूड-म्हसळा-श्रीवर्धनला कोकणी मुसलमान आहेत, आणि उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. बेने इस्रायली मंडळी तर पिढ्यान्पिढ्या याच किनाऱ्यावरची, अष्टमकर, नागावकर, रोहेकर अशी गावांची आडनावं लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्यांनी बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि गायली. भजनी बुवांच्या पोतडीत अभंग भरपूर असतात आणि ते मुलांना यायलाच हवेत. पण सरकारी शाळा सगळ्यांची आहे, म्हणून अभंगासोबत कोळीगीत, बालगीत, देशभक्तिगीत, पावसाची गाणी, कातकरी मुलांच्या घरची गाणी हे सगळं हवं. घरी आजीला काय येतं ते मुलांना विचारून यायला सांगा. धवलारणीला एक दिवस वर्गात बोलवा. तिला पुस्तक लागणार नाही.

आणि शिकवलेलं लिहून ठेवा. कोणत्या इयत्तेला कोणती गाणी, कोणत्या सुरात, कोणत्या तालात, याची एक वही शाळेत राहू द्या. बदली झाली, आजारपण आलं, तरी पुढच्या माणसाला वही वाचून पुढे जाता येईल.

पेटी-तबल्याचं म्हणाल तर किनाऱ्यावरची हवा त्यांची वैरी आहे. जूनमध्ये कपाटात ठेवलेली पेटी ऑगस्टमध्ये काढली की लाकडी पट्ट्या फुगून अडकलेल्या असतात, आतले पितळी सूर काळे पडलेले असतात आणि कधी कधी भाता उंदरांनी कुरतडलेला असतो. तबल्याची पुडी दमट हवेत सैल पडते. उपाय सोपा आहे: रोज दहा मिनिटं वाजवा, सुती कापडात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आणि भिंतीला लागून असलेल्या खालच्या खणात ठेवू नका. वापरातली पेटी टिकते, जपून ठेवलेली मरते. आणि पेटी नाही म्हणून तास थांबवू नका. टाळ, खंजिरी आणि मुलांचे हात एवढ्यावर पहिलं वर्ष मजेत निघतं.

ज्यांना हाच पेशा करायचा आहे

गाण्यात शिकलेल्या मुलामुलींनो, खोटी आशा दाखवायची नाही, म्हणून स्पष्टच सांगतो. राज्याच्या सरकारी शाळांत संगीत शिक्षक म्हणून कायम नोकरी लागेल, एवढ्याच भरवशावर आयुष्य मांडू नका. पण दारं अगदीच बंद नाहीत.

प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. त्या अर्धवट सोडू नका. मध्यमावर थांबलेल्या मुलीला शाळा उभं करत नाही. नवोदयच्या संगीत शिक्षक पदासाठी बारावीसोबत गांधर्वची विशारद चालत आली आहे, तर केंद्रीय विद्यालयाला प्राथमिक संगीत शिक्षकासाठी संगीतातली पदवी लागते. जाहिरात निघाली की अटी दर वेळी नव्याने वाचा. दोन्ही दारं खुली राहावीत म्हणून विशारदच्या बरोबरीने पदवी घ्या. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, एसएनडीटीत संगीत घेऊन बी.ए. करता येतं, आणि मांडव्याहून लाँचने जाऊन-येऊन शिकणारी मुलं आपल्याकडे आहेत. जमलं तर त्यावर बी.एड. करा, कारण संगीतासोबत मराठी किंवा हिंदी शिकवता येणारा शिक्षक खासगी शाळेला जास्त परवडतो. पनवेल, उरण, अलिबाग भागात सीबीएसई शाळा वाढल्या आहेत आणि त्यांना संगीत शिक्षक लागतात. मुलाखतीला जाताना पगार, तास आणि सुट्ट्या लेखी मागा.

आणि तुमचं पहिलं प्रशिक्षण गावच्या शाळेत होऊ द्या. मोठा ख्याल आला म्हणजे पहिलीच्या वर्गाला शिकवता येतं असं नाही. वर्षभर आठवड्याला चार तास चिमुरड्यांना शिकवलेला माणूस मुलाखतीत वेगळा दिसतो. शाळेने तुम्हाला त्याचा लेखी दाखला द्यायला हवा, तो मागून घ्या.

माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी एक काम करावं. मान्यताप्राप्त संस्थांच्या शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आणि लोककलेत भाग घेतलेल्यांना दहावीला सवलतीचे वाढीव गुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत मुंबई विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो. आपल्याकडच्या कितीतरी पालकांना हे माहीतच नसतं. आठवीतच पालकसभेत सांगा. २०१५ पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारचा कला उत्सव होतो, तिथेही गावची लोककला पाठवा. मात्र गुणांसाठी गाणं शिकवू नका. गुण मिळाले तर बोनस समजा.

शेवटचं सांगणं

या वर्षीच्या पहिल्या बैठकीत समितीने तीन ठराव करावेत: गावातल्या कलावंतांची यादी करणं, एका शिक्षकाचं दहा महिन्यांचं मानधन उभं करणं, आणि कायम पदाची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवणं. बुवांनी आणि ताईंनी शाळेचं बोलावणं आलं तर मान न मागता जावं, पण मानधन मागून जावं. पालकांनी ‘गाण्याने पोट भरतं का’ असं मुलाला विचारण्याआधी, आपल्या गावात गाण्याने पोट भरेल असं आपण काय केलं, हे एकदा स्वतःला विचारावं. सरकारने माणूस दिला तर उत्तमच, पण तोवर हे काम आपलं आहे, आणि ते याच जूनमध्ये सुरू करा.